प्रस्तावना : दहा दुवे, एकच मजकूर

पेरणी होऊन महिना झालेला असतो. पाऊस लागून राहिलेला, काळ्या रानात पाणी तुंबलेलं, आणि एका सकाळी सोयाबीनचे शेंडे पिवळे दिसायला लागतात. मराठवाडा-विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये हे नवं नाही. नवं एवढंच की बांधावरचा माणूस आता कृषी सहायकाला किंवा शेजारच्या जाणत्याला विचारायच्या आधी खिशातला मोबाइल काढतो आणि 'सोयाबीन पिवळे पडले उपाय' असं टाइप करतो. टाइप करायचा कंटाळा आला तर माइकचं बटण दाबून बोलतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तरं हजर.

त्यातले पहिले पाच-सहा दुवे उघडून बघा. बहुतेक पानांची सुरुवात सोयाबीन हे महाराष्ट्रातलं एक महत्त्वाचं पीक आहे, या बातमीने होते. ती त्या माणसाला द्यायचं कारण काय, तो सोयाबीनमध्येच उभा आहे. मग 'सोयाबीन पिवळे पडण्याची कारणे' या मथळ्याखाली सात-आठ कारणांची यादी, सगळी एका वजनाची. मग 'सोयाबीन पिवळे पडल्यास उपाय'. त्यात एक विद्राव्य खत, एक सूक्ष्म अन्नद्रव्य, एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक; जमल्यास एकत्र फवारा. शेवटी 'निष्कर्ष' आणि त्याखाली वारंवार विचारले जाणारे प्रश्न, जे कोणी कधी विचारलेले नसतात. एक पान वाचलं काय आणि सहा वाचली काय, हाती तेवढंच लागतं.

आता हाच प्रश्न पिकात हिंडलेल्या माणसाला विचारा. तो उत्तर देण्याआधी उलट तुम्हालाच विचारील. पिवळेपणा वरच्या कोवळ्या पानांवर आहे की खालच्या जून पानांवर? शिरा हिरव्या राहिल्यात का? अख्खं रान पिवळं आहे, की पाणी साचतं तेवढाच पट्टा? का मध्येच एखादं झाड, पानांवर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे, आणि पान उलटं केलं की पांढरी माशी? कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असून नसल्यासारखं असतं, मुळांना ते उचलता येत नाही, आणि त्यात पाणी तुंबलं की दुष्काळात तेरावा महिना. पण निचरा होऊन वाफसा आला की असं पीक पुष्कळदा आपलं आपण सावरतं. खालची पानं आधी पिवळी होत असतील तर नत्राकडे बघायचं. आणि चट्टे असतील तर तो पिवळा मोझॅक, पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू. तिथे खताची फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. रोगट झाडं उपटायची आणि माशीचा बंदोबस्त करायचा. म्हणजे एकाच शोधवाक्यामागे तीन वेगवेगळी रानं उभी आहेत, आणि त्यातल्या एकात काहीही न फवारणं हेच बरोबर उत्तर असू शकतं. 'पाणी काढून द्या आणि चार दिवस थांबा' हे वाक्य त्या पहिल्या पाच-सहा दुव्यांत क्वचितच सापडतं. थांबायला सांगणाऱ्या पानाशेजारी औषधाची जाहिरात शोभत नाही, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण अधिक साधं आहे : ते पान लिहिणारा रानात गेलेलाच नसतो.

हे पुस्तक त्या न सापडणाऱ्या वाक्याबद्दल आहे. ते कुठून येतं, लिहायला काय लागतं, शोधयंत्राच्या यादीत ते वर का येत नाही आणि कधीकधी का येतं, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. इथे विषयाची ओळख करून द्यायची आहे आणि ती जरा लांबणार आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनेलाच दिले होते. त्यामानाने माझी ही पानं वाचकाने सोसायला हरकत नाही.

मौलिक लेखन म्हटलं की आपल्याकडे चटकन शैली आठवते. भाषेचा डौल, लेखकाची ओळख पटवणारं वाक्य. ते सगळं चांगलंच आहे, पण या पुस्तकात मी त्याबद्दल फारसं बोलत नाही. माझी कसोटी रुक्ष आहे. हे पान लिहिलंच गेलं नसतं तर इतर पानं चाळून जमवता आली नसती, अशी एक तरी गोष्ट त्यात आहे का? ती मोजून काढलेली असेल, करून फसलेली असेल, तहसील कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या माणसाला विचारून आणलेली असेल. भाषा ओबडधोबड असली तरी चालेल. उलट, नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने 'शंभर टक्के युनिक' असं प्रमाणपत्र दिलेला लेख या कसोटीवर खुशाल नापास होतो. ते सॉफ्टवेअर शब्दांची जुळणी बघतं. 'पाणी साचल्यामुळे'च्या जागी 'पाण्याचा योग्य निचरा न झाल्यामुळे' लिहिलं की त्याचं समाधान होतं.

गूगलच्या शोधयंत्राचा पाया मात्र नुसत्या शब्दांच्या जुळणीवर नव्हता, हे इथे सांगायला हवं. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगलची मांडणी सांगणारा जो निबंध लिहिला, त्यातली मुख्य युक्ती दुव्यांची होती. एका पानाने दुसऱ्या पानाला दुवा दिला म्हणजे कोणा माणसाने ते वाचलं, त्याला ते पटलं, आणि इतरांनी बघावं असं वाटलं. अशा शिफारशी मोजायच्या, आणि ज्याची शिफारस झाली आहे त्याच्या शिफारशीला जास्त वजन द्यायचं. विद्वानांच्या जगात कोणाचा निबंध किती जणांनी उद्धृत केला हे मोजतात, त्याचाच हा विस्तार. यंत्र हुशार दिसत होतं ते लाखो माणसांनी फुकटात केलेल्या निवडीच्या जिवावर. त्याच निबंधाच्या परिशिष्टात या दोघांनी असंही म्हटलं होतं की जाहिरातींच्या पैशावर चालणारी शोधयंत्रं स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकतील आणि वाचकाच्या गरजेपासून दूर जातील. २००० साली गूगलने जाहिराती विकायला सुरुवात केली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

शिफारस मोजली जाते म्हटल्यावर शिफारशीचा बाजार भरणारच. दुवे विकले जाऊ लागले, शब्द कोंबले जाऊ लागले, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवण्यापर्यंत मजल गेली. पण त्या काळातला सगळ्यात बोलका प्रकार म्हणजे अमेरिकेतली डिमांड मीडिया ही कंपनी. लोक काय शोधतात, त्या शब्दांवर जाहिरातदार किती बोली लावतात आणि त्या विषयावर आधी किती पानं आहेत याचा हिशेब एक प्रोग्रॅम करायचा आणि त्यातून लेखांचे विषय पाडायचा. मग घरबसल्या लिहिणारे लोक लेखामागे साधारण १५ डॉलर घेऊन ते लिहायचे. लिहिणाऱ्याला विषयातलं काही कळत असलंच पाहिजे अशी अट नव्हती. जानेवारी २०११ मध्ये कंपनीचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले तेव्हा तिची किंमत न्यूयॉर्क टाइम्स चालवणाऱ्या कंपनीपेक्षा जास्त भरली. पुढच्याच महिन्यात गूगलने 'पांडा' नावाचा बदल आणला, ज्याने अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल हलले. असल्या लेखांच्या राशी खाली घसरल्या आणि कंपनी पुन्हा त्या उंचीवर गेली नाही. वाचकाला काय हवं हे कंपनीने बरोबर ओळखलं होतं, हे मात्र तिच्या बाजूने मान्य केलं पाहिजे. प्रश्न खरे होते. उत्तर द्यायला माहीतगार माणूस बसवायचा खर्च तेवढा तिने वाचवला.

मराठीत हे सगळं उशिरा आलं, आणि त्या उशिराचा फायदाही झाला. सुरुवातीची मराठी संकेतस्थळं आठवणाऱ्यांना फाँटांचा घोळ आठवत असेल. प्रत्येक दैनिकाचा आपला फाँट. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा. शोधयंत्राला तो मजकूर मराठी म्हणून दिसायचाच नाही. शोधून कोणी येणार नाही हे पक्कं ठाऊक असल्यामुळे शोधासाठी कोणी लिहीतही नव्हतं. १९९६ पासून चालू असलेल्या मायबोलीसारख्या संकेतस्थळावर परदेशातली माणसं भरल्या वांग्यांपासून व्हिसाच्या मुलाखतीपर्यंत जे लिहीत, ते समोरच्या चार ओळखीच्या माणसांसाठी. मग युनिकोड रुळलं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि गावोगावचे लोक मराठीत शोधू लागले. गूगलच्या जाहिराती हिंदी पानांवर २०१४ मध्ये आणि मराठी पानांवर २०१८ मध्ये अधिकृतपणे झळकू लागल्या. म्हणजे वाचक आला, त्याच्यामागून पैसा आला, आणि डिमांड मीडियाने इंग्रजीत जे केलं ते मराठीत करायला कंपनीचीही गरज उरली नाही. एक डोमेन, एक तयार साचा आणि दुपारचा वेळ एवढं पुरतं. आज 'माझा आवडता ऋतू निबंध' शोधणाऱ्या पोराला आणि 'लाडकी बहीण हप्ता कधी येणार' शोधणाऱ्या बाईला हेच सगळं समोर येतं. दुसऱ्या प्रकारात तर कमाल असते. मथळ्यात तारीख पक्की असल्याचा आव, आणि खाली आठशे शब्द वाचल्यावर कळतं की सरकारने अजून काही जाहीर केलेलं नाही. ₹१५०० कधी जमा होणार या काळजीने ती बाई तसली चार पानं उघडते, आणि चारही पानांवर जाहिराती मोजल्या जातात.

या धंद्यात लिहिणारी पोरं आळशी असतात असं कोणी समजू नये. त्यांना काम कसं येतं ते बघितलं की लेख असे का होतात ते कळतं. काम येतं 'ब्रीफ' म्हणून, बहुधा गूगल शीटच्या एका ओळीत. मुख्य कीवर्ड, तो पहिल्या शंभर शब्दांत आलाच पाहिजे. उपकीवर्ड आठ-दहा. शब्दसंख्या १५००. एच-टू मथळे, म्हणजे पोटमथळे, किती, ते प्रश्नार्थक किती. शेवटी एफएक्यू पाच. आणि एका रकान्यात 'रेफरन्स' म्हणून तीन दुवे, म्हणजे आज यादीत पहिल्या तीन क्रमांकावर असलेली पानं. संध्याकाळी सातपर्यंत द्या. दर शब्दाला पैशांत. काही ठिकाणी लेख एका टूलमध्ये टाकून गुण काढतात. वरच्या दहा पानांत जे शब्द जितक्या वेळा येतात ते तुमच्याकडे तितक्या वेळा आले की गुण वाढतात, टूलचा लाल काटा हिरवा होतो. या ब्रीफमध्ये 'कोणाला तरी फोन करा' असा रकाना नसतो. असता तरी त्या दरात तो भरणं परवडत नाही. पहिल्या तीन पानांवरून चौथं पान तयार होतं, उद्या ते वर चढलं की पाचव्याचं रेफरन्स होतं. चुकीची गोष्ट एकदा आत शिरली की ती अशीच पाहुण्यासारखी घरोघर फिरते, आणि चार घरी दिसली म्हणून पाचव्या घरी तिची कोणी विचारपूस करत नाही.

चुकीपेक्षा मला जास्त खटकते ती सरासरी. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी 'बारा बलुतेदार' हा कायमचा कीवर्ड आहे. शोधलं की बारा नावांची यादी मिळते, पानागणिक जवळपास तीच. प्रत्यक्षात ही यादी महाराष्ट्रभर एक कधीच नव्हती. सोनार कुठे बलुत्यात, कुठे बाहेर. मुलाणी एका गावात, शेजारच्या गावात नाही. कोणाला किती धान्य आणि कधी, यात तर मुलूख बदलला की हिशेब बदलला. महसूल खात्यात नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला तो ही गावं पायाखाली घालून. त्यांच्या काही मतांशी आज कोणी सहमत होणार नाही, मीही नाही. पण त्या पुस्तकाची माहिती दुसऱ्या पुस्तकांतून गोळा करता आली नसती, आणि शंभर वर्षांनंतरही त्याचे वारस त्याचं नाव न घेता त्यावर जगत आहेत. पानावरून पान उतरवताना पहिली गळते ती ही तफावत : 'आमच्याकडे असं नव्हतं' हे वाक्य. बारा नावांची गुळगुळीत यादी उरते आणि तीच परीक्षेत बरोबर धरली जाते.

हे सगळं माणसं हाताने करत होती तोवर त्याला हाताच्या वेगाची मर्यादा होती. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि ती मर्यादा गेली. त्याच सुमारास सीनेट या जुन्या, नावाजलेल्या अमेरिकी संकेतस्थळाने पैशाच्या व्यवहारांवरचे ७७ लेख यंत्राकडून लिहून घेतले. जानेवारी २०२३ मध्ये ते उघडकीला आलं आणि त्यातल्या ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. एका लेखात म्हटलं होतं की १० हजार डॉलर ३ टक्के व्याजाने ठेवले तर वर्षाअखेर १० हजार ३०० डॉलर मिळकत होईल. आपल्या पतपेढीतल्या शिपायानेही ही चूक पकडली असती. पण मुद्दा फक्त चुकांचा नाही. जुलै २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये एक संशोधन छापून आलं. भाषेची प्रारूपं जर आधीच्या प्रारूपांनी तयार केलेल्या मजकुरावरच पुन्हा पुन्हा शिकत गेली तर पिढीगणिक बिघडत जातात, असं त्यात दाखवलं आहे. आणि या बिघाडात पहिल्यांदा नाहीसं होतं ते विरळा. क्वचित घडणारं, कडेचं, अपवादाचं. म्हणजे ज्या गळतीबद्दल वर बलुतेदारांच्या यादीत बोललो, तिचंच गणित.

मग गूगलला हे कळत नाही का? कळतं, आणि त्याने वेळोवेळी सांगितलंही आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये माणसांसाठी लिहिलेल्या मजकुराला झुकतं माप देणारा बदल जाहीर झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पानांची गुणवत्ता तपासणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत लेखकाचं ज्ञान, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला 'अनुभव' हा चौथा निकष आला : लिहिणाऱ्याने ती वस्तू वापरली आहे का, त्या जागी तो गेला आहे का. वाचकाला आधीच्या पानांवर न मिळालेली नवी माहिती एखाद्या पानावर किती आहे याचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीचं पेटंटही गूगलला २०२२ मध्ये मिळालं. पेटंट आहे म्हणून ते वापरात आहे असं समजू नये, एवढं भान या क्षेत्रातल्या सल्लागारांनी ठेवलं तर बरं होईल. मार्च २०२४ मध्ये ढिगाने पाडलेल्या मजकुराविरुद्ध नियम कडक झाले आणि सुमार, मौलिक नसलेला मजकूर निकालांत ४५ टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने एप्रिलअखेर जाहीर केलं.

कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे हाउसफ्रेश. खोलीतली हवा शुद्ध करणारी यंत्रं विकत घेऊन, चालवून, मोजून मग त्यावर लिहिणारं हे छोटं संकेतस्थळ. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी पुराव्यानिशी लिहिलं की बड्या प्रकाशनांच्या यादीवजा लेखांत यंत्र तपासल्याची खूण नसते, तरी तेच वर दिसतात. मे महिन्यात त्यांनी सांगितलं की गूगलकडून येणारे त्यांचे ९१ टक्के वाचक गेले आहेत. तेव्हा 'अस्सल लिहा, क्रमांक आपोआप वर येईल' असं जे सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. हे पुस्तकही तसं आश्वासन देत नाही. त्यात आता उत्तर शोधाच्या पानावरच गोळा करून देण्याची सोय आली आहे. भारतात ती ऑगस्ट २०२४ पासून इंग्रजी-हिंदीत दिसू लागली. वाचक उत्तर वाचतो आणि तिथूनच परत फिरतो. ज्याच्या पानावरून ते उचललं त्याला वाचकाचं नखही दिसत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात या यंत्राने पिझ्झावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालायचा सल्ला दिला होता. त्याच्या अकरा वर्षं आधी कोणीतरी थट्टेत लिहिलेली ओळ त्याने गांभीर्याने उचलली होती. लोक हसले. मला त्यात निराळंच दिसतं. इतकी मोठी यंत्रणा शेवटी कोणा एका माणसाने एका संध्याकाळी लिहिलेल्या ओळीवर उभी असते. ती ओळ थट्टेची निघाली की यंत्रणा तोंडघशी पडते, आणि कामाची निघाली की यंत्रणा शहाणी ठरते.

इथवर वाचून हे पुस्तक एसईओच्या, म्हणजे शोधात पान वर आणण्याच्या कसबाच्या, विरोधात आहे असं वाटलं असेल तर तसं नाही. मला त्या कसबाबद्दल आदर आहे. वाचक कुठल्या शब्दांत अडतो हे शोधून त्याच शब्दांत उत्तर द्यायचं, हे मराठी लेखकांना एसईओने शिकवलं नसतं तर कोणी शिकवलं असतं कोण जाणे. आपल्या सरकारी आणि विद्यापीठीय लेखनाला ही सवय नाही. शेतकरी विचारतो 'पिवळं का पडलं', पत्रक म्हणतं 'लोहाच्या कमतरतेमुळे होणारा हरितरोग आणि त्याचे व्यवस्थापन'. दोघांची भेट व्हायची कशी? कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि अजून घराघरांत आहे, त्याचं एक कारण असं की स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या नव्या मुलीला हाताशी असलेल्या वाटी-चमच्याच्या मापात त्यात उत्तर मिळतं. हवं ते चटकन सापडावं अशी मांडणी, नेमकं माप, पाल्हाळ नाही. याला एसईओच म्हणायला मला काही अडचण दिसत नाही. फरक एवढाच की त्या मापांमागे शिजवून पाहिलेले पदार्थ होते.

आता आजचं 'उकडीचे मोदक रेसिपी' शोधा. तांदळाचं पीठ एक वाटी, पाणी एक वाटी, तूप, मीठ. सगळीकडे हेच आणि ते बरोबरच आहे. पण गणपतीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता जिच्या मोदकाची पारी फाटते आहे तिचा प्रश्न मापाचा नसतो. पीठ कुठल्या तांदळाचं, आंबेमोहोरासारख्या नव्या चिकट तांदळाचं की जुन्या? दळून किती दिवस झाले? उकड गरम असतानाच मळली की गार झाल्यावर? मळताना पाण्याचा हात लावला का? मोदक चाळणीत ठेवण्याआधी पाण्यातून बुडवून काढले का? हळदीचं पान नसेल तर खाली काय घालायचं? ज्या पानावर 'माझे पहिले सहा फाटले, मग मी असं केलं' असं लिहिलेलं असतं, ते ती बाई शेवटपर्यंत वाचते आणि मैत्रिणीला पाठवते. तिच्या त्या पाठवण्यात १९९८ सालची जुनी शिफारस अजून जिवंत आहे, फक्त ती आता व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि कोणाच्या मोजणीत येत नाही.

सगळंच मौलिक असायला हवं असाही हट्ट नको. सातबारा ऑनलाइन कसा काढायचा, गाडी किती वाजता सुटते, अर्जाला कुठली कागदपत्रं जोडायची : इथे लेखकाच्या प्रतिभेची कोणाला गरज नाही, माहिती आजची आणि बरोबर असली की झालं. अशी पानं यंत्राने लिहिली आणि माणसाने तपासली तर माझी तक्रार नाही. फक्त तपासणारा माणूस खरंच असावा. आणि 'माझं मत' म्हणजे मौलिकता, हा जो एक नवा समज पसरला आहे त्याचा मला धसकाच आहे. मतं आपल्याकडे कधीच कमी नव्हती.

मराठीपुरतं बोलायचं तर हा प्रश्न इंग्रजीपेक्षा जास्त नाजूक आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि त्यात लेख एक लाखाच्या आसपास; अडीच कोटींच्या डच भाषेत २० लाखांवर. इंग्रजीत एका विषयावर हजार वाईट पानं पडली तरी कुठेतरी शंभर चांगली असतात. मराठीत एखाद्या तणावर, एखाद्या घाटवाटेवर, एखाद्या तालुक्यातल्या सिंचनाच्या पद्धतीवर मुळात एकच पान असतं. ते खरं असेल तर तेच सगळीकडे पोचतं, आणि पोकळ असेल तर तेही तसंच पोचतं. आता यंत्रंही मराठी शिकतात ती याच पानांवरून. चाळीसगावच्या एखाद्या मास्तरने आपल्या परिसरातल्या पाटांबद्दल स्वतः हिंडून एक नीट पान लिहिलं तर त्या विषयापुरता तो एकटा माणूस म्हणजे सगळा मराठी इंटरनेट. एवढी ताकद इंग्रजीत लिहिणाऱ्या कोणाला मिळत नाही, आणि एवढी जबाबदारीही.

पुढची प्रकरणं अशा लिहिणाऱ्यांसाठी आहेत. पहिल्या भागात शोधयंत्र कसं वाचतं ते आहे. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनी तो गाळावा. दुसरा भाग विचारणा कशी करायची याचा : कोणाला फोन लावायचा, रानात काय बघायचं, फोटो कुठल्या अंतरावरून काढायचा, आणि समोरचा 'तसं काही नाही हो' म्हणाला की पुढचा प्रश्न कोणता. तिसऱ्या भागात तीच माहिती मथळे, प्रश्न आणि मापं यांत कशी बसवायची ते येतं, म्हणजे ती शोधणाऱ्याला सापडेल. शेवटचं प्रकरण दरांचं आहे. संपादकांनी ते आधी वाचावं अशी माझी विनंती आहे. परभणीहून एखाद्या वाडीवर जाऊन यायचं एसटीचं भाडं, दिवसाची बुडालेली मजुरी आणि तीन फोन, एवढं धरूनच लेखाचा भाव ठरवावा, शब्द मोजून नव्हे, असं मी त्यात म्हटलं आहे आणि हिशेबही मांडून दाखवला आहे. तो कोणाला महाग वाटेल. वाटला तर कुठला रकाना कापायचा तेही त्यांनीच सांगावं.